तालिनचे माजघर

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बाहेरच्या विदुषीला बोलावून व्याख्यान ठेवावे अशी आपली रीत. यंदा चालकांचे म्हणणे पडले की मंडळातल्याच एका बाईने बोलावे, आणि ते काम माझ्या गळ्यात आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, हे तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे. गेल्या जून महिन्यात माझ्या धाकट्या भावाने मला स्वीडनला बोलावून घेतले आणि तिथून बोटीने बाल्टिक समुद्रातली चार दिवसांची फेरी घडवली, एवढेच माझे भांडवल. परत आल्यापासून जिन्यात म्हणा, भाजीच्या गाडीशी म्हणा, जी भेटेल ती विचारते, "काय काय पाहिलंत?" बोटीवर किती मजले होते नि पाच वेळा कसे खायला घालत, ते जाहिरातीतही छापलेले असते. ते सोडून देते. मी एकाच गावाबद्दल बोलणार आहे. त्या गावात आम्ही अवघे तीन तास होतो.

गावाचे नाव तालिन. एस्टोनिया नावाच्या देशाची ही राजधानी. उत्तरेला समुद्रापलीकडे फिनलंड, पूर्वेला रशिया, पश्चिमेला पाणी ओलांडले की स्वीडन. सबंध देशाची वस्ती चौदा लाखांच्या आत. आपल्या एकट्या नाशिक शहराची माणसे २०११ च्या खानेसुमारीत याहून जास्त भरली होती. त्यांची भाषा आजूबाजूच्या रशियन, जर्मन किंवा स्वीडिश भाषांशी नात्याची नाही. नाते काय ते फिनलंडच्या भाषेशी.

बोटीच्या सहलीची पद्धत अशी. बोट सकाळी धक्क्याला लागते नि संध्याकाळी सुटते. मधल्या वेळात गाव पाहायचे तर बोटीवाल्यांनीच ठरवलेली सहल घ्यावी, त्याचे पैसे निराळे. प्रत्येकाच्या छातीवर नंबराची चिठ्ठी चिकटवतात आणि तोच नंबर काठीवर लावून गाइडबाई पुढे चालते. आमचा नंबर सतरा. माझी भावजय म्हणाली, "वन्सं, मेंढरांसारखं काय हिंडायचं? आपलं आपण फिरू." पुष्कळ शिकलेली माणसे असेच म्हणतात. माझे मत वेगळे आहे. परक्या घरी आपण एकटे गेलो तर ओसरी पाहून परत येतो. घरच्या बाईने हात धरून आत नेले तर माजघर दिसते. अर्थात ती बाई दाखवणारी हवी. आमच्या नशिबाने तशी मिळाली. म्हणून भाऊ आणि भावजय आपले आपण फिरायला गेले, आणि मी नि माझी भाची सतरा नंबरच्या मागे निघालो.

गाइडबाई पन्नाशी उलटलेली, केस बारीक कापलेले, पायात जाड तळव्यांचे बूट. तिने पहिल्यांदा सगळ्यांच्या पायांकडे पाहिले. तिथले जुने रस्ते गोट्यांचे आहेत, टाच मुरगळायला वेळ लागत नाही. मी साडीखाली कापडी बूट घातले होते. ते पाहून तिने पसंतीची मान हलवली. ती इंग्रजी सावकाश बोले. तरी मला सगळे कळण्यासारखे नव्हते, म्हणून भाची माझ्या शेजारी उभी राहून मराठीत सांगे. भाची सोळा वर्षांची. जन्म तिकडचा, शाळा तिकडची. मराठी ती घरात बोलते तेवढीच. "आत्या, ही म्हणते की ह्या लोकांनी त्या भिंतीला... ते काय गं, सगळीकडून बंद केलं..." असे ती अडखळली की मी म्हणे, "वेढा घातला." मग ती "हां, वेढा," म्हणून पुढे जाई. अशी आमची गाडी चालली होती. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याचा संबंध येणार आहे.

बसने आम्हांला आधी टेकडीवर नेले. तिचे नाव तोम्पेआ. तालिनची खरी दोन गावे होती. वर टेकडीवर किल्ला, सरदार आणि धर्मगुरू. खाली तटाच्या आत व्यापारी आणि कारागीर. वरच्यांचे नि खालच्यांचे पटत नसे. मध्ये भिंत घातली होती आणि रात्री दार लावून घेत. एकोणिसाव्या शतकापर्यंत दोहोंचा कारभारही निराळाच राहिला. वरून खाली यायला दोन वाटा आहेत. एक लांब उताराची, तिचे नाव लांब पाय. दुसरी आखूड पायऱ्यांची, तिचे नाव आखूड पाय. म्हणून तिथले लोक म्हणतात की आमचे गाव लंगडते.

आता इतिहास थोडक्यात. १२१९ साली डेन्मार्कच्या राजाने ही टेकडी घेतली. डेन्मार्कचा लाल-पांढरा झेंडा त्या लढाईत आकाशातून पडला अशी कथा आहे, आणि त्या राजाच्या नावाची एक बाग तटाशी अजून राखलेली आहे. तालिन या नावाचा अर्थही डेन लोकांचे गाव असा सांगतात. १३४६ मध्ये डेन राजाने हा मुलूख जर्मन सरदारांच्या पंथाला चक्क विकला. १५६१ त स्वीडनचे राज्य आले, १७१० त रशियाच्या झारचे. राजे बदलले तरी गावात जमीनजुमला, व्यापार, चर्च आणि न्यायकचेरी जर्मन घराण्यांच्याच हाती राहिली. गावाला सगळे रेवाल म्हणत, तेही जर्मन वळणाचे नाव.

हे सगळे सांगून झाल्यावर गाइडबाई थांबली आणि म्हणाली, "डेन झाले, जर्मन झाले, स्वीडिश झाले, रशियन झाले. आता तुमच्यापैकी कोणी तरी मला विचारा, की या सगळ्यात एस्टोनियाची माणसे कुठे राहत होती?" कोणी विचारले नाही. सगळे फोटो काढत होते. मग तिनेच उत्तर दिले. "स्वयंपाकघरात, तबेल्यात, गोदामात आणि खेड्यात शेतावर." शेतावर म्हणजे वेठीला. मालकाच्या परवानगीवाचून कुळाला गाव सोडता येत नसे. त्या प्रांतातली वेठ कायद्याने संपली १८१६ साली, आणि तेव्हाही जमीन मालकाचीच राहिली.

टेकडीवर मोठे दोम चर्च आहे. आत भिंतीभर लाकडात कोरलेल्या ढाली टांगलेल्या आहेत, सोनेरी रंगाच्या, काही तर पुरुषभर उंचीच्या. जर्मन सरदार घराण्यांतले कोणी मेले की त्यांच्या कुळाची ढाल अशी लावत. काम अप्रतिम आहे, पण मी जास्त वेळ पाहिली ती उंबऱ्याजवळची फरशी. एक रंगेल जमीनदार तिच्याखाली पुरलेला आहे. येणाऱ्याजाणाऱ्यांचे पाय लागून आपली पापे झिजावीत म्हणून त्याने ती जागा मागून घेतली असे सांगतात. मला एकदम पंढरपूरची नामदेवाची पायरी आठवली. मी भाचीला ती गोष्ट सांगितली, भाचीने गाइडबाईला सांगितली. बाईने विचारले, "तुमचा तो माणूसही रंगेल होता का?" म्हटले, "नाही हो, तो संत. संतांची पायधूळ लागावी म्हणून त्याने पायरी मागितली." ती खूप हसली.

चर्चपासून थोड्या अंतरावर कांद्यासारख्या घुमटांचे रशियन देऊळ आहे, १९०० साली पुरे झालेले. झारच्या सरकारने ते नेमके किल्ल्याच्या तोंडासमोर बांधले. का, ते कोणी सांगायला नको. त्या किल्ल्यात आज त्या देशाची लोकसभा भरते. एकशे एक सभासद आहेत. किल्ल्याच्या कोपऱ्यावर उंच सडपातळ बुरूज आहे, त्याचे नाव उंच हेर्मान. त्याच्यावर निळा, काळा नि पांढरा असा तीन पट्ट्यांचा झेंडा होता. गाइडबाई म्हणाली, "हा नीट पाहून ठेवा. याची गोष्ट खाली गेल्यावर सांगते."

खाली उतरताना एक जाडजूड गोल बुरूज लागतो. त्याचे जर्मन नाव ऐकून आमच्या कळपातल्या सगळ्या बायका हसल्या. त्या नावाचा अर्थ आहे "स्वयंपाकघरात डोकाव"! पहारेकऱ्यांना वरून खालच्या घरांच्या धुराड्यांतून चुलीवर काय शिजते आहे ते दिसे म्हणे. १५७७ साली रशियाच्या भयंकर इव्हान राजाने गावाला वेढा घातला, तेव्हाचे दगडाचे तोफगोळे या बुरुजाच्या भिंतीत रुतलेले आजही दाखवतात. पण माझ्या डोक्यात तोफगोळ्यांपेक्षा ते नाव राहिले. वरून स्वयंपाकघरात डोकावणारे कोण, आणि खाली चुलीशी उभे राहणारे कोण, हे त्या एका नावात आले.

वाटेत हार्यू नावाचा रस्ता लागला. एका बाजूला घरे, एका बाजूला मोकळी बाग. एक बाई म्हणाल्या, "किती सुरेख! अगदी चित्रातलं गाव, कुठे ओरखडासुद्धा नाही." तेव्हा गाइडबाईने बागेकडे बोट केले. इथे घरांची ओळ होती. १९४४ च्या मार्चच्या ९ तारखेला रात्री सोव्हिएट विमानांनी बाँब टाकले. तेव्हा गाव जर्मन फौजांच्या ताब्यात होते. शेकडो माणसे मेली, हजारो बेघर झाली, शेजारचे निगुलिस्ते चर्च जळाले. पुढे पुष्कळ वर्षे इथले पडके चौथरे तसेच उघडे होते. ती बाई मग गप्प झाल्या. गाइडबाई मात्र चिडली नव्हती. "पुष्कळांना तसंच वाटतं," एवढेच म्हणाली.

मग आम्ही चौकात आलो. तिथे गावाची चावडी आहे, १४०४ साली पुरी झालेली, दगडी आणि निमुळत्या मनोऱ्याची. मनोऱ्याच्या टोकावर वाऱ्याची दिशा दाखवणारा पत्र्याचा शिपाई आहे, "म्हातारा टोमास". तो १५३० पासून तिथे उभा आहे. आताचा पुतळा मुळाबरहुकूम नवा केलेला. चौकाच्या कोपऱ्यावर औषधाचे दुकान आहे. त्याची नोंद १४२२ सालापासून सापडते आणि ते आजही त्याच जागी चालू आहे. एका घराण्याच्या दहा पिढ्यांनी ते चालवले. आत एका बाजूला जुन्या औषधांच्या बरण्या मांडल्या आहेत: जाळलेल्या मधमाश्या, वटवाघळाची भुकटी, सापाची कात. आमच्या आजीच्या बटव्यात असले काही नव्हते, ही देवाची कृपा. पण दालचिनी, लवंग, आले हेही त्या काळी औषधवाल्याकडेच मिळे, हे ऐकून मला बरे वाटले.

या व्यापारी गावाची सुबत्ता कशावर उभी होती, तर मिठावर. उत्तर जर्मनीतल्या नि बाल्टिकच्या काठावरच्या व्यापारी गावांचा एक मोठा संघ होता, त्याला हान्सा म्हणत. पश्चिमेकडून बोटींतून मीठ, कापड नि दारू येई. रशियाकडून कातडी, लोकर-केस नि मेण येई. तालिन मध्ये बसून दोहोंकडून कमावी. हिवाळाभर मांस-मासळी टिकवायची तर मिठावाचून गत्यंतर नव्हते. आणि त्या व्यापाऱ्यांच्या पोत्यांतली एक मोलाची जिन्नस म्हणजे मिरी. ती आपल्या मलबारची. अरबांच्या गलबतांतून, व्हेनिसच्या बाजारातून, हातोहात इतक्या उत्तरेला पोचे. व्यापाऱ्यांच्या घरांच्या माथ्यावर अजून तुळया बाहेर आलेल्या दिसतात. त्यांना रहाट लावून पोती वरच्या माळ्यांवर चढवत. म्हणजे खाली राहायचे नि वर कोठार. ती पोती ओढणारे हात कोणाचे, ते आता आम्हांला ठाऊक झाले होते.

चौकातून एका बोळातून गेले की एक लहानसे पांढरे चर्च लागते. दोम चर्चपुढे अगदी गरीब. बाहेर भिंतीवर रंगवलेले सुंदर घड्याळ, १६८४ सालचे. हे पवित्र आत्म्याचे चर्च. गाइडबाई इथे सर्वांत जास्त वेळ उभी राहिली. ती म्हणाली, मोठ्या चर्चांतून जर्मन भाषेत प्रवचन चाले. मोलकरणी, हमाल, गाडीवान यांना ते कळत नसे. त्यांच्यासाठी त्यांच्या भाषेत प्रवचन व्हायचे ते या चर्चमध्ये. इथल्याच एका धर्मगुरूने भाषांतर केलेले प्रश्नोत्तरांचे धर्मपुस्तक १५३५ साली जर्मनीत छापले गेले, आणि एस्टोनियन भाषेतले आज हाताशी असलेले सर्वांत जुने छापील पुस्तक ते. तेही सबंध नाही, फाटकी पाने उरली आहेत. पुस्तक छापले तरी सरकारदरबारी ती भाषा गेली नाही. तार्तू गावच्या विद्यापीठात एस्टोनियन भाषेतून शिकवायला लागले ते १९१९ साली. देश पहिल्यांदा स्वतंत्र झाला १९१८ मध्ये, त्याच्या पुढच्या वर्षी. तोवर त्यांच्यात जो मुलगा शिके, तो परक्या भाषेत शिके, आणि पुष्कळदा घरची भाषा टाकून देई.

एवढे भाचीने मला मराठीत सांगितले. "धर्मगुरू" हा शब्द मी पुरवला. गाइडबाई आमच्याकडे पाहत होती. तिने विचारले, "तुम्ही दोघी कोणती भाषा बोलता?" भाची म्हणाली, "मराठी. पण मला ती नीट येत नाही. वाचता-लिहिता तर अजिबात येत नाही. ती नुसती घरातली, स्वयंपाकघरातली भाषा आहे."

गाइडबाई म्हणाली, "आमचीही सहाशे वर्षं तेवढीच होती."

ती रागावून नाही बोलली, उपदेशही केला नाही, काठी उचलून पुढे चालू लागली. भाचीने ते वाक्य मला मराठीत सांगितले नाही. मला तेवढे इंग्रजी कळले होते.

पुढे अर्धा तास मोकळा होता. आमच्या कळपातले बहुतेक लोक बदामाच्या लाडवासारख्या मिठाईच्या दुकानात शिरले. ती मिठाई तिथे फार जुनी. आम्ही दोघी गाइडबाईबरोबर तटाच्या भिंतीशी गेलो. तिथे बायका भिंतीला टेकून विणकाम मांडून बसतात. स्वेटर, टोप्या, मोजे. हातमोजे बघून मी थांबले. पाच बोटांचे नव्हेत, अंगठा वेगळा नि बाकी हात एकत्र असा प्रकार. नक्षी अशी की उलट-सुलट कुठे गाठ दिसत नाही. गाइडबाईने सांगितले की पूर्वी प्रत्येक परगण्याची नक्षी वेगळी असे. हातमोजा पाहून बाई कुठली ते ओळखावे. लग्न ठरलेल्या मुलीला रुखवताची पेटी भरावी लागे, तीत असे हातमोजे डझनांनी विणलेले. लग्नात सासरच्या माणसांना, वऱ्हाड्यांना, गाडीवानालासुद्धा ते वाटायचे. मुलगी सात-आठ वर्षांची झाली की सुया हातात. पाहा, त्या मुलींना शाळा नव्हती, पण कितीएक घरे मोजायची, कुठला धागा कधी उचलायचा, हे सगळे डोक्यात.

तिथेच एका दुकानात चहा घेतला. बरोबर काळा आंबूस पाव आला, राईचा. कोणी जेवत असले तर येणारा माणूस "यात्कु लेइबा" म्हणतो, म्हणजे तुझी भाकरी पुरत राहो. पाव हातून जमिनीवर पडला तर जुनी माणसे उचलून त्याचे चुंबन घेत. आपण अन्नाला पाय लागला तर नमस्कार करतो, तसेच. मी हे भाचीकडून सांगवले. गाइडबाईने माझ्या हातावर हात ठेवला.

परतीची वाट लांब रस्त्याने बंदराकडे जाते. त्या रस्त्यावर एक करड्या रंगाचे साधे घर आहे. तळघराच्या खिडक्या विटांनी बुजवलेल्या. आता त्या तळघरात लहानसे संग्रहालय आहे. सोव्हिएट काळात ही गुप्त पोलिसांची कचेरी होती. माणसे आणून तळघरात ठेवत, विचारपूस करत, आणि तिथून कैदेत नाही तर सैबेरियात. लोक हळू आवाजात थट्टा करत, की हे गावातले सर्वांत उंच घर, कारण याच्या तळघरातूनसुद्धा सैबेरिया दिसतो.

१९४० साली सोव्हिएट फौजांनी देश घेतला. १९४१ च्या जूनमध्ये पहिल्यांदा हजारो माणसे गाड्यांत भरून नेली. मग तीन वर्षे जर्मनांची, पुन्हा सोव्हिएट. १९४९ च्या मार्चमध्ये चार दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे नेली. त्यांत बहुतेक बायका, मुले नि म्हातारी माणसे. त्यांत गाइडबाईची आई होती, सात वर्षांची, आणि तिची आजी. रात्री शिपाई आले, बांधाबांध करायला तासभर दिला. आजीने पाव घेतला, गोधडी घेतली आणि विणायच्या सुया घेतल्या. सैबेरियात शाळा रशियन. मुलीला आपली अक्षरे यावीत म्हणून आजीने फडक्यावर लाल लोकरीने एकेक अक्षर भरले नि ते गिरवून घेतले. त्या परतल्या १९५७ साली. ते फडके गाइडबाईच्या घरी आहे. रशियन अक्षरे निराळ्या लिपीची, एस्टोनियन निराळ्या. हे सांगताना भाचीचा आवाज खाली आला होता.

आता झेंड्याची गोष्ट. तो झेंडा घरात सापडला तर शिक्षा होई. पण गाणी सापडत नाहीत. १८६९ साली तार्तूला त्यांचे पहिले मोठे गायन-संमेलन झाले, आणि तेव्हापासून काही वर्षांनी एकदा गावोगावची गायकमंडळे जमतात, हजारो माणसे एका वेळी गातात. सोव्हिएट अमलातही संमेलने बंद झाली नाहीत, मात्र गाणी सरकारने ठरवलेली. लिडिया कोइदुला ही त्यांची कवयित्री, १८८६ साली वारली. तिच्या मातृभूमीवरच्या एका कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी १९४४ मध्ये चाल लावली. पुढे ते गाणे कार्यक्रमातून काढून टाकले. १९६० च्या संमेलनात पत्रिकेत नसताना लोकांनी आपण होऊन ते म्हटले. एवढ्या तोंडांना हात कोण लावणार?

१९८८ च्या उन्हाळ्यात लोक रात्र रात्र त्या गायनाच्या पटांगणावर जमून गात. तिकडे जूनमध्ये रात्र म्हणजे नुसता संधिप्रकाश. गाइडबाई तेव्हा अठरा वर्षांची, आईबरोबर जाई. १९८९ च्या फेब्रुवारीच्या २४ तारखेला उंच हेर्मानवर तो निळा-काळा-पांढरा झेंडा पुन्हा चढला. त्याच वर्षी ऑगस्टच्या २३ तारखेला तालिनच्या त्या बुरुजापासून लाटव्हियातून थेट लिथुआनियाच्या राजधानीपर्यंत, सहाशे किलोमीटरांहून लांब, माणसांनी हातांत हात धरून रांग केली. वीस लाखांच्या आसपास माणसे होती असे म्हणतात. "आईच्या एका हातात माझा हात होता, दुसऱ्या हातात एका अनोळखी बाईचा," ती म्हणाली. भाचीने हे सांगताना "साखळी" शब्द तिला आठवेना. तिने "भोंडल्यासारखं, पण सरळ" असे सांगितले. मला वाटते याहून बरा शब्द मलाही सापडला नसता. १९९१ च्या ऑगस्टच्या २० तारखेला देश पुन्हा स्वतंत्र झाला.

चालकांना एक सुचवते. आपल्या भोंडल्याची गाणी कोणाच्याही वहीत पुरी नाहीत. एकीला पहिली तीन कडवी येतात, दुसरीला शेवटची. एस्टोनियात याकोब हुर्ट नावाच्या धर्मगुरूने १८८८ साली वर्तमानपत्रातून लोकांना विनवले की तुमच्या आजीची गाणी लिहून पाठवा. शेतकऱ्यांनी, शाळामास्तरांनी लाखाहून अधिक पाने लिहून पाठवली. आपण निदान एक शंभर पानी वही करावी.

बाकीचे भराभर सांगते. ओलेविस्ते चर्चचा मनोरा आज सुमारे एकशे चोवीस मीटर उंच आहे; गुप्त पोलिसांनी तोही संदेश पकडण्यासाठी वापरला. शेजारी शेजारी तीन जुनी घरे आहेत, त्यांना "तीन बहिणी" म्हणतात. मोठी बहीण जरा ठसक्यात उभी आहे, आमच्या थोरल्या नणंदेसारखी. शेवटी बंदराच्या वेशीवर "लठ्ठ मार्गारेट" नावाचा बुरूज. तिथे उभे राहून बाईने एक लोककथा सांगितली. गावाबाहेर उलेमिस्ते नावाचे तळे आहे. त्यातला म्हातारा वर्षातून एकदा रात्री वेशीशी येतो नि विचारतो, "गाव बांधून पुरे झाले का?" पहारेकऱ्याने "नाही, अजून पुष्कळ बाकी आहे," असेच म्हणायचे. "झाले" म्हटले तर तो तळे सोडून गाव बुडवील. म्हणून तालिनमध्ये कुठे ना कुठे काम चालूच असते.

बोटीवाल्यांविषयी माझी एक तक्रार आहे. तीन तास फार थोडे. दोन तास खरेदीचे नि एक तास गावाचा, अशीही काहींची इच्छा दिसली. त्यांना त्या बाईने हळूच पुढे ढकलले, ते मला आवडले.

त्या रात्री जेवणानंतर भाचीने कागदी रुमालावर मला तिचे नाव देवनागरीत लिहून मागितले. मी लिहिले. तिने खाली तीनदा गिरवले. आता दर पंधरवड्याला तिचे पत्र येते, पाच-सहा ओळींचे. परवाच्या पत्रात तिने "आजीला नमस्कार सांग" असे लिहिले आहे, आणि "ळ" उलटा काढला आहे. मी उत्तरात "ळ" चा मोठा नमुना पाठवला. वहिनी म्हणते, पोरीने तो फ्रिजवर चिकटवला आहे.

तटाच्या भिंतीशी घेतलेले हातमोजे मी बरोबर आणले आहेत. पाटावर ठेवले आहेत ते. लाल-पांढऱ्या नक्षीत मध्ये अष्टकोनी चांदणी आहे, आपल्या चौकटीच्या टाक्यासारखी. विणकाम वर्गाच्या बायकांनी आतली बाजू उलटून पाहावी. मला धागा कुठे वळवला ते अजून उमगलेले नाही. हळदीकुंकू घेतल्यावर पाहा, आणि तिळगुळाचे हात लावू नका, लोकर धरून ठेवते.